आचऱ्याच्या (ता. मालवण) नव्या घराचं वायरिंग, आमच्या वायरमन काकांबद्दल

घर बांधताय तर वायरमन आधी शोधा, प्लास्टर झाल्यावर नाही. आमचे काका चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंती उभ्या राहताच आले आणि खडू घेऊन खोलीखोलीत आईला विचारत फिरले, मिक्सर कुठे, फ्रीज कुठे, देवघरातला दिवा कुठल्या बाजूला, आणि मग त्या खुणांवरच वायरच्या पाइपासाठी भिंतीत झिरी मारली. लाइटला दीड स्क्वेअर एमएमची वायर, प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची, दोघांची एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वेगळी. खाऱ्या वाऱ्यात गंजतात म्हणून लोखंडी बॉक्स त्यांनी घेऊच दिले नाहीत. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पण बसवली, पावसात भिंती ओल धरतात तिथे ती हवीच. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत उतरवणं) नीट मिळत नाही म्हणून त्याचा खड्डा विहिरीकडे ओलीच्या जागी घेतला, हे मला फार आवडलं.

नेटवर्कसाठी मात्र मलाच मागे लागावं लागलं. काकांचं म्हणणं, "वायफाय हा मा, मग केबल कित्याक?" अहो, चिऱ्याची जाड भिंत आली की सिग्नल मरतो, जुन्या घरात भोगलंय आम्ही. शेवटी कॅट-६ साठी (नेटची केबल) वेगळा पाइप टाकला, पॉवरच्या पाइपात घालू दिली नाही, आणि राउटर इनव्हर्टरवर घेतला कारण २०२१ चं तौक्ते वादळ आम्ही विसरलेलो नाही. माळ्यावर एक पाइप नुसती ओढायची तार घालून रिकामा ठेवलाय.

गणपतीत आठ दिवस फिरकले नाहीत, ते धरूनच चाला. पैसे पॉइंटप्रमाणे, म्हणजे दर दिवा-प्लगमागे, माझ्यासमोर मोजून घेतले.