डिस्ट्रिब्युटर ओव्हरहॉलला देताय? आधी त्यावरचा नंबर लिहून ठेवा

बाबांची १९६७ सालची चार सिलिंडरची गाडी मी जिवापाड जपतो. तिचा मूळ डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) मी माझ्या हाताने काढून एका मिस्त्रीला दिला आणि परत आला तो दुसराच. हे कळायला मला चार महिने लागले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

तक्रार साधी होती, आयडलिंगला गाडी मधूनच मिस करायची. जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून ज्याचं नाव ऐकलं होतं तो मिस्त्री आला. त्याने डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, आतला फिरणारा रोटर धरून त्याचा शाफ्ट आडवा हलवून दाखवला. ‘‘बघा साहेब, बुश गेलेत. पूर्ण ओव्हरहॉल करावा लागेल. बुश, स्प्रिंगा, व्हॅक्यूमचा डबा, सगळं नवं टाकतो.’’ निदान बरोबर होतं, म्हणूनच मी विश्वास ठेवला. बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या, झिजून शाफ्ट डुलत असेल तर पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप एकसारखा राहत नाही आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगी थोडी मागेपुढे पडते.

आठवड्याने डिस्ट्रिब्युटर आला तो चकचकीत होऊन. नवी कॅप, नवा रोटर, नवे पॉइंट. मी खूश होऊन सांगितले तेवढे पैसे मोजले. काय काय बदललं ते लिहिलेलं बिल घेतलं नाही, काढलेले जुने पार्ट मागितले नाहीत. या दोन चुकांबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

चढाला लागलो की इंजिन नॉकिंग (आतून ठकठक) करायला लागलं. मिस्त्रीने येऊन डिस्ट्रिब्युटरची बॉडी थोडी फिरवली, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेतलं. नॉकिंग थांबलं, पण गाडीतला जीवच गेला. पिकअप नाही, टेंपरेचरचा काटा वर. टायमिंग मागे राहिलं की इंजिन तापतंच. मग त्याने पेट्रोलला दोष दिला, नंतर कार्बोरेटरला. कार्बोरेटर खोलायचे पैसेही मी दिले.

शेवटी एका रविवारी स्वतःच उघडून बसलो. रोटर हाताने फिरवला. सगळं ठीक असेल तर तो काही अंश फिरतो आणि सोडला की स्प्रिंगच्या जोरावर टचकन जागेवर येतो. इथे तो आळसावल्यासारखा हळूहळू मागे आला. व्हॅक्यूमचा डबा इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे सरकवतो. त्याची नळी काढून तोंडाने ओढली. डब्यातला डायफ्रॅम (पडदा) धड असेल तर पॉइंट बसवलेली बेसप्लेट सरकते, आणि नळीच्या टोकाला जीभ लावून धरली की तिथेच थांबते. माझ्या तोंडात नुसती हवा येत राहिली. म्हणजे ‘नवा’ डबा फाटलेलाच होता, वरून रंग मारलेला.

मग बेसप्लेट काढली. लुकास कंपनीच्या २५डी४ या माझ्या प्रकारच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये खाली, वेग वाढला की बाहेर फेकली जाणारी दोन वजनं असतात आणि त्यांना दोन स्प्रिंगा. बऱ्याच गाड्यांत एक बारीक असते, दुसरी जाड, आणि जाड स्प्रिंगची कडी मुद्दाम सैल. सुरुवातीला बारीक एकटीच ताणली जाते, वेग वाढला की जाड कामाला लागते. टायमिंग कसं पुढे जाणार हे या जोडीवर ठरतं. माझ्या गाडीची जोडीही अशीच होती. इथे मात्र दोन्ही स्प्रिंगा सारख्याच बारीक. त्यामुळे पूर्ण ॲडव्हान्स (टायमिंग पुढे जाणं) नको तितक्या लवकर येत होता. नॉकिंग त्याचंच.

तरीही मला वाटत होतं की काम वाईट झालंय. खरी गोष्ट बॉडी पुसताना दिसली. या डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर पार्ट नंबर ठोकलेला असतो आणि सोबत बनवल्याचा आठवडा आणि साल. माझ्यासमोर होतं ‘३१ ७१’. इंजिनाचा जुना फोटो काढून मोठा करून पाहिला. त्यात स्पष्ट ‘१४ ६७’. हातपाय गार पडले.

मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, ‘‘सगळे सारखेच असतात, साहेब.’’ सारखे नसतात. दिसायला एक असले तरी आतली वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा डबा त्या त्या इंजिनासाठी ठरवलेले असतात. लुकासच्या डब्यावर ५-१७-१० असे तीन आकडे असतात: किती इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला काम सुरू, कितीला संपणार, आणि डिस्ट्रिब्युटरचे किती अंश मिळणार. क्रँकचे त्याच्या दुप्पट. म्हणून देण्याआधी बॉडीवरचे आणि डब्यावरचे आकडे, स्प्रिंगा, सगळ्यांचे फोटो काढा. परत आल्यावर मिस्त्री समोर असतानाच रोटर फिरवून आणि नळी ओढून बघा. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) लावून इंजिन रेस केलं की इंजिनावरची टायमिंगची खूण सरकलीच पाहिजे. आणि आधी पॉइंटचा गॅप (माझ्या गाडीला ०.०१५ इंच), मगच टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. उलट्या क्रमाने करणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता दुसऱ्या एका कारागिराने शेजारी बसवून घेऊन या बदललेल्या डिस्ट्रिब्युटरमध्येच माझ्या इंजिनाला लागणाऱ्या स्प्रिंगा आणि नवा डबा बसवून दिलाय. गाडी चढ चढते. पण मूळ डिस्ट्रिब्युटरवर बाबांनी क्लॅम्पजवळ पंचने एक बारीक ठिपका मारला होता, टायमिंगची खूण म्हणून. ‘१४ ६७’ आणि शेजारी तो ठिपका असलेला डिस्ट्रिब्युटर कुणी तुम्हाला विकायला आणला, तर तो माझा आहे.