कॉननचे तीन खंड, स्मिथचे पाच: कुठला संच घ्यावा?

अमेरिकी लेखक रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कॉनन या रानटी योद्ध्याच्या कथा घ्यायच्या म्हटलं की ऑनलाइन दुकानात 'कम्प्लीट' असा शिक्का मारलेल्या आवृत्त्यांचा ढीग समोर येतो. त्यातल्या बऱ्याच अर्धवट असतात, आणि त्याचं मूळ कॉपीराइटमध्ये आहे. हॉवर्ड १९३६ साली गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राखीव असतात, म्हणजे हयातीत छापलेलं त्याचं लेखन आता कुणीही छापू शकतो. पण त्याने पूर्ण केलेल्या कॉननच्या कथा २१. 'विअर्ड टेल्स' मासिकात डिसेंबर १९३२ ते ऑक्टोबर १९३६ या काळात त्यातल्या १७च आल्या. उरलेल्या चार त्या रूपात त्याच्या मागे कितीतरी वर्षांनी बाहेर आल्या, आणि मरणोत्तर लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे स्वस्त छपाईवाले बहुतेकदा १७वरच थांबतात. घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून 'द गॉड इन द बोल', 'द व्हेल ऑफ लॉस्ट विमेन' आणि 'द ब्लॅक स्ट्रेंजर' शोधा. तिन्हींपैकी एकही नसेल तर 'कम्प्लीट' हा शब्द विसरा.

तिन्ही हमखास मिळतात ते डेल रे प्रकाशनाच्या तीन खंडांत: 'द कमिंग ऑफ कॉनन द सिमेरियन' (१३ कथा), 'द ब्लडी क्राउन ऑफ कॉनन' (३, पण लांबलचक, एक तर कादंबरीच) आणि 'द कॉन्करिंग स्वोर्ड ऑफ कॉनन' (५). पहिल्याची चित्रं मार्क शुल्ट्झची, दुसऱ्याची गॅरी जियानीची, तिसऱ्याची ग्रेग मँचेसची. खरा माणूस मात्र संपादक पात्रीस लुईने. या संचाची संहिता त्याने हॉवर्डच्या टंकलिखितांवरून, आणि ती नाहीत तिथे मासिकातल्या पहिल्या छपाईवरून लावली आहे.

कथांचा क्रम हॉवर्डने त्या लिहिल्या त्याप्रमाणे आहे. म्हणून पहिल्याच कथेत कॉनन प्रौढ आणि सिंहासनावर बसलेला, आणि दुसऱ्या कथेत एकदम बर्फात मारामारी करणारा पोरगा. नवा वाचक इथे गोंधळतो. तरीही हाच क्रम बरोबर आहे, कारण पहिली कथा ही हॉवर्डने आपल्याच कल या दुसऱ्या राजाची न खपलेली कथा नव्याने लिहून काढलेली आहे. पात्र कसं घडत गेलं, हे या क्रमातच दिसतं.

१९६६ पासून निघालेल्या लान्सरच्या पेपरबॅक मालिकेत नेमकं उलटं केलं होतं. एल. स्प्रेग डी कँप आणि लिन कार्टर यांनी कथा नायकाच्या वयाप्रमाणे लावल्या, अर्धवट खर्डे स्वतः पुरे केले, मधल्या फटींत आपल्या कथा भरल्या. 'द ब्लॅक स्ट्रेंजर'ची तर बदलून 'द ट्रेझर ऑफ ट्रानिकोस' करून टाकली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मुखपृष्ठावर हॉवर्डसोबत ही दोन नावं दिसली, तर आत प्रक्षिप्त भाग भरपूर आहे असं समजा. फ्रँक फ्राझेटाच्या मुखपृष्ठांसाठी घ्या हवं तर. ती चित्रं खरोखर जबरदस्त आहेत.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना नावांनी फसू नका. लुईनेने शक्य तिथे हॉवर्डची मूळ शीर्षकं ठेवली आहेत. 'झुथल ऑफ द डस्क' म्हणजेच मासिकातली 'द स्लिदरिंग शॅडो', 'द सर्व्हंट्स ऑफ बिट-याकिन' म्हणजे 'ज्वेल्स ऑफ ग्वालूर'. नवी कथा मिळाली म्हणून दुसरं पुस्तक घ्याल आणि तीच निघेल.

मराठी वाचकाला दुसऱ्या खंडातली 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' सगळ्यात मजेशीर वाटेल. वेंध्याचा राजा भुंडा चंद मरणपंथाला लागलाय आणि त्याचा आत्मा मांत्रिकांच्या हाती पडू नये म्हणून बहीण, देवी यास्मिना, स्वतः त्याच्या छातीत कट्यार खुपसते. पुढे पेशखौरी, झैबार खिंड, अफगुलिस्तान, हिमेलियन पर्वत. टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स गावात बसून, वाचलेल्या माहितीवर रचलेला हा हिंदुस्थान आहे. भूगोल ओळखता येतो, माणसं नाहीत. वेग मात्र असा की पुस्तक खाली ठेवता येत नाही.

दोष आहेतच. पेपरबॅकमध्ये रंगीत चित्रं काळ्या-पांढऱ्यात उतरली आहेत, मँचेसच्या तैलचित्रांचं त्यात फार नुकसान झालंय. मागची खर्डे आणि सारांशांची पानं अभ्यासकाच्या कामाची, बाकीच्यांनी खुशाल उलटावीत. पहिल्या खंडात भरताड आहे: मोडकं शहर, अर्धनग्न तरुणी, काळोखातला राक्षस, पुन्हा तेच. 'व्हेल ऑफ लॉस्ट विमेन' तर वर्णद्वेषाने बरबटलेली आणि कथा म्हणूनही कच्ची. एकच खंड परवडत असेल तर तिसरा घ्या. 'बियाँड द ब्लॅक रिव्हर' आणि 'रेड नेल्स' दोन्ही त्यातच आहेत.

हॉवर्डचा समकालीन अद्भुतकथाकार क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथसाठी नाइट शेड बुक्सचा पाच खंडांचा संच आहे, संपादक स्कॉट कॉनर्स आणि रॉन हिल्गर. इथेही लेखनक्रमच, पण इथे तो त्रास देतो. झोथिक, हायपरबोरिया, अ‍ॅव्हरॉइन या स्मिथच्या मालिका पाचही खंडांत विखुरल्या जातात. फक्त झोथिक वाचायचं तर तीन खंड हाताशी हवेत. त्याची भरपाई मागच्या टिपांत होते. कुठली कथा कुठल्या संपादकाने नाकारली, काय कापायला लावलं, कुठला पाठ घेतला, सगळं नोंदवलंय. 'द ड्वेलर इन द गल्फ'चा शेवट 'वंडर स्टोरीज'ने स्मिथला न विचारता बदलला होता, तो इथे मूळ रूपात आहे.

पहिल्या खंडात उमेदवारीच्या काळातल्या कथा बऱ्याच. सुरुवात चौथ्यापासून, 'द मेझ ऑफ द एन्चांटर'पासून करा. 'द डार्क आयडोलन' त्यातच आहे. पाच खंड जड वाटत असतील तर एस. टी. जोशी यांनी संपादित केलेलं पेंग्विन क्लासिक्सचं निवडक पुस्तक (२०१४) पुरेसं आहे, त्यात कविताही आहेत. दोन्हींसोबत शब्दकोश लागेलच.

स्मिथ १९६१ साली गेला, म्हणजे भारतात त्याच्या हयातीतलं लेखन २०२२ पासून मोकळं झालंय. स्वस्त संग्रह दिसला तर अनुक्रमणिकेत 'द मेझ ऑफ माल ड्वेब' आहे का बघा. असेल तर तो मासिकासाठी काटछाट केलेला पाठ. या दोघांचा समकालीन भयकथाकार लवक्राफ्ट घेताना जोशींचं नाव आतल्या पानावर आहे का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

ई-बुक असेल तर नमुन्याची पानं आधी वाचा. स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात इंग्रजी आर आणि एन ही अक्षरं चिकटून एम होतात आणि 'मॉडर्न'चा 'मोडेम' होतो. तिरपा ठसा गायब असतो, परिच्छेद वाक्याच्या मध्येच तुटतात. पहिल्या दहा पानांत असं दोनदा दिसलं तर पुढे पैसे घालू नका.