लेडीज डबा, एक हात मोकळा: काही महिने मोबाईल गेम खेळल्यानंतर

रोज मुलुंड ते सीएसएमटी धीम्या लोकलने, पुढे भुयारी मेट्रोने कफ परेड, आणि संध्याकाळी हाच प्रवास उलटा. गेले काही महिने हा वेळ मी ठरवून मोबाईल गेमना दिलाय. फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड, सहा जीबी रॅमचा, नवा नाही. डबा लेडीज सेकंड क्लास. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गेमचे बहुतेक रिव्ह्यू घरी निवांत बसून, वायफायवर आणि चार्जर लावून लिहिलेले असतात. त्यांत ज्याला पाच तारे मिळतात, त्याचा घाटकोपरची गर्दी आत शिरल्यावर काडीचा उपयोग नसतो.

माझी पहिली परीक्षा एका हाताची. एक हात कडीला, पर्स पोटाशी, आणि उरलेल्या हाताच्या अंगठ्याने जेवढं जमेल तेवढाच खेळ. म्हणजे फोन उभा धरून खेळायचे गेम. आडव्या फोनला दोन हात लागतात आणि ती बसायला मिळालेल्यांची चैन. सबवे सर्फर्स हा २०१२ सालचा गेम अजून डब्यात दिसतो त्याचं कारण मला तरी हेच वाटतं: अंगठा चार दिशांना सरकवता आला की झालं. (रुळांवर पळणाऱ्या पोराचा गेम आपण लोकलमध्ये उभ्याने खेळतो, त्या पोराच्या जगभ्रमंतीत मुंबईही येऊन गेली आहे. रूळ ओलांडताना माणसांचे जीव जातात त्या शहरात हे जरा विचित्रच, पण असो.) पावसाळ्यात आणखी एक भर पडते. बोट ओलं असलं की स्क्रीनला कधी स्पर्श कळत नाही, कधी नसलेला कळतो. वेगावर चालणारे सगळे गेम जून ते सप्टेंबर मी बादच धरते.

दुसरी परीक्षा याहून मोठी: मध्येच सोडता येतो का? आमच्या डब्यात कोणीतरी खांद्याला हात लावून ‘कुठे उतरणार?’ विचारतंच. सीट मिळाली तर सरकायचं असतं, कानातलेवाली आली तर बघायचं असतं, आईचा फोन आला तर उचलायचाच असतो. फोनवरचा खेळ हा मुळात तुटक वेळेचा खेळ. ते तुटणं जो गेम मुकाट्याने सोसतो तो चांगला आणि जो त्यावरच धंदा करतो तो वाईट, इतकं सरळ माझं मत झालंय. ग्राफिक्स, गोष्ट, संगीत हे सगळं त्यानंतर.

सगळ्यात जास्त वेळ टिकला तो मिनी मेट्रो. न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लब या छोट्या कंपनीचा, २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर आला आणि पुढच्या वर्षी फोनवर. पांढरा पडदा, त्यावर गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवत जातात आणि आपण बोटाने रेषा ओढून ती जोडायची. त्रिकोणी प्रवाशाला त्रिकोणी स्टेशन हवं असतं. आठवडा संपला की नवीन इंजिन मिळतं आणि सोबत एखादी रेषा, डबा किंवा बोगदा यांतून निवड करायची. एखाद्या स्टेशनवर फार वेळ फार गर्दी साचली की खेळ संपला. यात मुंबईचा नकाशाही आहे. गर्दी झाली म्हणून खेळ संपण्याचा नियम खऱ्या मुंबईला लावला तर सकाळी सव्वाआठलाच सगळं आटपेल! गेमचं खरं मोल मात्र घड्याळ थांबवण्यात आहे. कधीही काळ थांबवा, नकाशा निवांत बघा, रेषा मोडून पुन्हा ओढा. कुर्ल्याला थांबवलेला खेळ दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होतो. दोष सांगायचा तर शेवटी शेवटी नकाशा इतका दाट होतो की आपल्याच बोटाखाली स्टेशन झाकलं जातं. मोठ्या टॅबवर हा गेम जास्त शोभेल, पण टॅब घेऊन लोकलमध्ये कोण चढणार?

स्टारड्यू व्हॅली बसायला मिळालं तरच. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने वर्षानुवर्षं खपून केलेला शेतीचा गेम. कॉम्प्युटरवर २०१६ मध्ये, अँड्रॉइडवर २०१९ मध्ये आला. एकदाच पैसे द्या, मग जाहिरात नाही की आतली दुकानदारी नाही. खेळातला एक दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि फार तर रात्री दोनपर्यंत चालतो, आपल्या घड्याळात साधारण १४ मिनिटं. म्हणजे तासाभराच्या प्रवासात चार दिवसांची पेरणी, पाणी आणि गावातल्या लोकांशी दोन शब्द. मूळ खेळात रात्री झोपल्यावरच प्रगती साठवली जाते. फोनच्या आवृत्तीत मध्ये सोडलं तरी सांभाळून घेण्याची सोय केली आहे. याला म्हणतात फोन समजून घेणं. तरी मासेमारी टचस्क्रीनवर वैतागच आणते, अक्षरं बारीक आहेत, आणि फोनवरची शेती लॅपटॉपवर सहज नेता येत नाही. चष्म्याचा नंबर वाढलेल्यांनी विचार करून घ्यावा.

मॉन्युमेंट व्हॅली सुंदर आहे, यात वाद नाही. २०१४ चा, दहा प्रकरणांचा. जिने फिरवून अशक्य वाटा शक्य करायच्या. पण चार-सहा प्रवासांत संपतो आणि पुन्हा खेळण्यासारखं फारसं उरत नाही. वाचनालयाच्या वर्गणीच्या हिशोबाने बघणाऱ्यांना महाग वाटेल.

आता फुकटवाले. इथे मी नाव घेत नाही, कारण असे पुष्कळ आहेत आणि स्वभाव सगळ्यांचा एक. रंगीत नळ्या, खिळे-पट्ट्या, तीन सारखे जुळवा, असला काहीतरी कोडं-गेम. सुरुवातीचे टप्पे इतके सोपे की आपण हुशार आहोत असं वाटू लागतं. मग प्रत्येक टप्प्यानंतर जाहिरात. जाहिरातीतली फुली आधी दिसत नाही, दिसली तर मुंगीएवढी, आणि दाबली की थेट प्ले स्टोअर उघडतं. परत आलं की दुसरी फुली. एक हात कडीला असताना कोपऱ्यातल्या फुलीपर्यंत अंगठा पोचवणं हाच खेळाचा सगळ्यात अवघड टप्पा, आणि त्याचे गुणही मिळत नाहीत. त्यात जाहिरातीतला गेम दिसतो एक आणि उतरवल्यावर निघतो भलताच. ही केवळ माझी कुरकुर नाही. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या गेमच्या असल्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद केल्या होत्या.

भुयारी मेट्रोत तर कमालच. नेटवर्क गेलं की जाहिराती येणार नाहीत, चला, सुटले असं मला वाटलं होतं. पण कोडं उघडेचना. ‘इंटरनेट तपासा’ एवढंच पडद्यावर. एकटीने सोडवायच्या कोड्याला इंटरनेट कशाला हवं? कोड्याला नकोच असतं, ते जाहिरातीला हवं असतं.

जिथे जाहिराती कमी तिथे वाट बघायला लावतात. कँडी क्रशने हे तंत्र घरोघरी पोचवलं: पाच जीव, गेलेला एक जीव परत यायला ३० मिनिटं, घाई असेल तर पैसे. गंमत बघा, इथेही खेळ थांबतोच. फक्त कधी थांबायचं ते आपल्या हातात नाही. आपल्याला हवं तेव्हा सोडावं तर रोजच्या बक्षिसाची साखळी तुटते. खेळावंसं वाटतं तेव्हा जीव संपलेले असतात. आणि भलत्याच वेळी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, ‘तुमचं मांजर उपाशी आहे’ असा संदेश टेबलावर थरथरतो. हिरे, नाणी, चाव्या यांचे पॅकही असे बेतलेले की हवी ती वस्तू घेऊन थोडे हिरे उरतात, आणि त्या उरलेल्यांत काहीच येत नाही.

हे सगळं का, त्याचं उत्तर अँग्री बर्ड्समध्ये आहे. २००९ चा मूळ गेम थोड्या पैशांत मिळायचा. पुढे रोव्हिओ या त्याच्या कंपनीने तो स्टोअरमधून काढला, लोकांनी मागणी केली म्हणून २०२२ मध्ये नव्याने बांधून, जाहिरातींशिवाय, पुन्हा विकायला ठेवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अँड्रॉइडवरून तो पुन्हा काढला, आणि कंपनीने कारण दिलं ते त्यांच्या इतर गेमवर होणाऱ्या परिणामाचं. म्हणजे स्वच्छ, एकदाच पैसे घेणारा गेम हा त्याच दुकानातल्या फुकट गेमना जड जात होता. एवढं उघड कबूल केलेलं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. आल्टोज ॲडव्हेंचरची तऱ्हा वेगळी: आयफोनवर २०१५ मध्ये विकत, अँड्रॉइडवर पुढच्या वर्षी फुकट आणि जाहिरातींसह. आम्ही अँड्रॉइडवाले पैसे देत नाही हे गृहीतच धरलेलं, आणि आमच्या घरचं बघता ते अगदीच खोटं म्हणवत नाही.

भाच्यामुळे बीजीएमआय, म्हणजे पबजी या गोळीबाराच्या गेमचा भारतातला अवतार, तोही बघितला. कारागिरीला नावं ठेवता येणार नाहीत: शंभर जणांचा सामना फोनवर इतका सफाईदार चालवणं सोपं नाही, आणि मुलं त्यात एकमेकांशी बोलून डाव आखतात ते ऐकायला मजा येते. पण सामना अर्ध्या तासापर्यंत जातो, थांबवता येत नाही, आणि मध्ये उतरलात तर आपल्या चौघांच्या संघातले उरलेले तिघे नावाने ओरडतात. फोन तापतो, बॅटरी झरझर उतरते. माझ्यासारखीचा रेल्वेचा पास फोनमध्ये असतो. टीसीसमोर फोन बंद पडला तर ‘गेम खेळत होते’ हे कारण चालत नाही. शिवाय पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून आगमन, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गायब, मे २०२३ मध्ये परत, असा प्रवास झालेल्या गेममध्ये पोशाख आणि बंदुकांचे रंग विकत घ्यायचे म्हणजे धाडसच. २०२१ मध्ये अठराखालच्यांसाठी दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा जाहीर झाली होती. दिवसाला सात हजार! ही मर्यादा ऐकून माझ्या बहिणीने भाच्याकडे ज्या नजरेने बघितलं ते लिहिण्यासारखं नाही.

पैसे लावून खेळायच्या गेमविषयी लिहीत नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते बंदच केले. हिऱ्यांचे पॅक मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

फुकट म्हणजे वाईटच असंही नाही. लीचेस हे बुद्धिबळाचं ॲप पूर्ण फुकट, जाहिरात शून्य, देणग्यांवर चालतं, आणि उभ्या फोनवर एका अंगठ्याने खेळता येतं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून आमच्या डब्यातल्या कॉलेजच्या दोन मुली रोज त्यावर कोडी सोडवतात. भांडुपपर्यंत मीही डोकावते. लुडो किंगला जाहिराती आहेत, तक्रारी बऱ्याच आहेत, तरी नवी मुंबईतल्या कंपनीच्या या गेमचं एक श्रेय कुणी काढून घेऊ नये: लॉकडाऊनमध्ये चिपळूणची आत्या आणि आम्ही एका पटावर बसलो ते त्याच्यामुळे. आत्या अजून रविवारी बोलावते आणि माझी सोंगटी मारली की फोन करून हसते.

विकत घेतलेलाही जन्मभर पुरतो असं नाही, हेही सांगायला हवं. २०१७ मध्ये आयओएस ११ ही आयफोनची नवी प्रणाली आली तेव्हा जुन्या पद्धतीने (३२ बिटमध्ये) बांधलेले कितीतरी गेम, पैसे देऊन घेतलेले, आयफोनवर चालेनासे झाले. पुस्तकाच्या बाबतीत असं होत नाही.

आज फोनवर मिनी मेट्रो, स्टारड्यू, लीचेस आणि आत्यासाठी लुडो एवढंच आहे. कोडं-गेम सगळे काढून टाकले. गुगल प्ले पास, म्हणजे अनेक गेमची मिळून एक वर्गणी, २०२२ मध्ये आपल्याकडे महिना ९९ रुपयांत आला, आणि आत जाहिरातींशिवायचे बरेच गेम असतात. पण यादी बदलत राहते, तेव्हा आपल्याला हवा तो गेम आत आहे का ते आधी बघा. सुटा विकत घेतलात आणि पटला नाही तर ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात. आणि कुठलाही गेम उतरवण्याआधी स्टोअरच्या पानावर ‘या गेमविषयी’ उघडून खाली जा. तिथे आतल्या खरेदीची किंमत अमुकपासून तमुकपर्यंत अशी दिलेली असते. त्यातला वरचा आकडा चार अंकी असला की मी तिथूनच मागे फिरते.