सिटीलिंक: बस चांगली आहे, पण हिशोब कोण विचारणार?

सिटीलिंकबद्दल, म्हणजे नाशिक मनपाच्या शहर बससेवेबद्दल, लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण नाशिकच्या कुठल्याही ग्रुपवर बसचा विषय निघाला की पहिली कमेंट ठरलेली, मनपा तोट्यात बस चालवतेय, बंद करा एकदाची. मला हे अजिबात पटत नाही. मी या बसने सिडकोतून सातपूरला कामाला जातो, आईला नाशिकरोडला मावशीकडे जायचं असलं की तीही हीच बस धरते, त्यामुळे जे लिहितोय ते रोजच्या वापरातून लिहितोय.

आधी बसचं सांगतो. 8 जुलै 2021 ला सेवा सुरू झाली, त्याआधी शहरातली बस एसटीकडे होती आणि तोट्याचं कारण देऊन गाड्या कमी कमी होत गेल्या होत्या, मग उरलं काय तर शेअर रिक्षा, त्यात मागे तिघं आणि चौथा ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर. त्या मानाने आजची गाडी खरंच चांगली आहे. बहुतेक गाड्या सीएनजीवर, बसायला नीट जागा, अॅपवर गाडी कुठवर आलीय ते दिसतं, तिकीटही मोबाईलवर निघतं. तपोवन आणि नाशिकरोड असे दोन डेपो. निमाणी ते नाशिकरोड रूटला तर कायम गर्दी, आणि त्र्यंबकेश्वर, सिन्नर, भगूर, गिरणारे इकडेही हीच बस जाते. गिरणाऱ्याकडून केटीएचएम कॉलेजला येणाऱ्या पोरापोरींना विचारा ही बस म्हणजे काय ते. कंडक्टर लोकांचंही मला कौतुक आहे, म्हाताऱ्या माणसाला हात देऊन चढवणारे, द्वारका चौकाच्या जाममध्ये लोकांची चिडचिड शांतपणे ऐकून घेणारे बरेच भेटलेत.

एक गोष्ट लोक विसरतात. त्याच 2021 च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिकसाठी 2,092 कोटींची निओ मेट्रो जाहीर झाली होती, टायरवर धावणारी, देशातली पहिली वगैरे. चर्चा सगळी तिची झाली. रस्त्यावर आली आणि लोकांना कामावर पोचवू लागली ती मात्र ही साधी बस.

आता तोट्याचं. तोटा आहे, आणि तो मनपाच्या तिजोरीतून भरला जातो, हे खरंच आहे. पण तो होतो कसा हे समजून घ्या. मनपाने यासाठी वेगळी कंपनी काढलीय, नाशिक महानगर परिवहन महामंडळ. बस ठेकेदाराच्या, ड्रायव्हर ठेकेदाराचे, आणि मनपा त्यांना पैसे देते किलोमीटरवर. तिकिटाचा गल्ला मनपाचा. म्हणजे गाडी खचाखच भरून धावली काय आणि दुपारी दोनला रिकामी धावली काय, ठेकेदाराचं बिल तेवढंच. सगळी रिस्क मनपाच्या, म्हणजे आपल्या अंगावर. मग तोटा वाढला म्हणून कोणी ओरडलं की हिशोबवाल्यांना सगळ्यात सोपा उपाय कुठला दिसतो तर फेऱ्या कमी करणे. फेऱ्या कमी झाल्या की वाट बघणं वाढतं, वाट बघणं वाढलं की माणूस परत शेअर रिक्षात नाहीतर हप्त्यावर टू-व्हीलर घेतो, मग गल्ला आणखी कमी. एसटीच्या वेळी हेच झालं होतं, तेच औषध परत पाजू नका एवढंच माझं म्हणणं.

आणि कंडक्टर? ते तर तिसऱ्याच ठेकेदाराचे. ही रचना मला सगळ्यात जास्त खटकते. 2023 आणि 2024 मध्ये पगार थकले म्हणून वाहकांनी काम बंद केलं, गाड्या डेपोतच, ऐन परीक्षेच्या दिवसांत पोरं रस्त्यावर. मार्च 2024 चा संप तर कितीतरी दिवस चालला. प्रत्येक वेळी तेच, मनपा म्हणणार आम्ही ठेकेदाराला बघतो, ठेकेदार म्हणणार बिल निघालं नाही, आणि मधल्या मधे ज्याच्या घरी किराणा भरायचाय तो कंडक्टर आणि स्टॉपवर उभा असलेला प्रवासी दोघंही तसेच. ज्या माणसाच्या हातून रोज मनपाचा पैसा गोळा होतो त्याचाच पगार वेळेवर होत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

बरं हे विचारायचं कोणाला? मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि थेट जानेवारी 2026 ला निवडणूक झाली. जवळजवळ चार वर्षं 122 नगरसेवकांपैकी एकही नाही, महासभा नाही, स्थायी समिती नाही, सगळा कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांच्या हातात. आयुक्त चांगले वाईट हा मुद्दाच नाही, ते बदलून येतात आणि बदलून जातात. मुद्दा हा की ही बस जेमतेम वर्षाची पण झाली नव्हती तेव्हापासून तिच्या बिलावर, रूटवर, पगारावर भर सभागृहात प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. आपल्या प्रभागात बस का येत नाही म्हणून तुम्ही कोणाच्या दारात जाणार होतात?

पैसे नाहीत म्हणतात त्याचंही बघू. पूर्वी मनपाची जकात होती, 2013 ला तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2017 पासून जीएसटी, आणि आता त्या बदल्यात राज्याकडून दर महिन्याला अनुदान येतं. ते दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढतं हे ठीक, पण ते आपल्या हातात नाही. हातात काय, तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकामातून येणारे विकास शुल्क. 2018 ला तुकाराम मुंढे आयुक्त असताना घरपट्टीचे दर वाढवले तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला, नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली पण झाली. ती वाढ जास्त होती असं माझंही मत आहे, एकदम एवढा बोजा टाकायचा नसतो. पण घरपट्टी वाढवायची नाही, थकबाकी भरायची नाही, दंड-व्याज माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट बघत बसायचं आणि वर बस तोट्यात आहे म्हणायचं, हे कसं चालेल?

माझ्या दृष्टीने बसला पैकीच्या पैकी नाही, पण पाचात चार नक्की. कारभाराला दोन, ते पण सुरू केली आणि टिकवली म्हणून. सिडकोच्या आतल्या भागात, पवननगर उत्तमनगर साइडला फेऱ्या वाढायला पाहिजेत, अंबड एमआयडीसीच्या शिफ्ट सुटतात त्या वेळा धरून गाड्या पाहिजेत, रात्रीची शेवटची गाडी अजून उशिरा पाहिजे. आणि रूटवाइज हिशोब दर महिन्याला लोकांसमोर टाका, कुठल्या रूटला किती जमा आणि किती खर्च, म्हणजे ग्रुपवरची भांडणं तरी खऱ्या आकड्यांवर होतील.

नवीन नगरसेवकांनो, तुमच्या प्रभागाचे रस्ते आणि गटारी झाल्या की एकदा परिवहनचा हिशोब मागा. कंडक्टरचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला थेट खात्यात जमा झाल्याशिवाय ठेकेदाराचं पुढचं बिल काढू नका, एवढी एकच अट करारात घाला. 2 ऑगस्ट 2027 ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान (शाहीस्नान) आहे, बाहेरच्या गाड्या शहराबाहेर थांबवून लाखो लोकांना आत बसनेच आणावं लागणार आहे, तेव्हा संप झाला तर कोण कोणाला फोन करणार हे आत्ताच ठरवा.