आरआरबीची भरतीसेवा: परीक्षेला पहिला वर्ग, पॅनेलच्या प्रतीक्षेला काठावर पास

रेल्वे भरती बोर्डाची, म्हणजे आरआरबीची, सेवा कशी आहे याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. अर्ज भरल्यापासून स्कोअरकार्ड हाती येईपर्यंतची सेवा वेगळी आणि कागदपत्रं, मेडिकल उरकल्यावर ‘पॅनेल (अंतिम निवड यादी) कधी लागणार’ म्हणून थांबलेल्या उमेदवाराला मिळणारी सेवा वेगळी. पहिलीत नियम लेखी आहेत, उत्तरतालिका उघड आहे, गुण स्वतःला पाहता येतात. दुसरीत उमेदवाराला आपला नंबर कितवा आहे हेसुद्धा कळत नाही. इथे असिस्टंट लोको पायलटची (एएलपी) भरती समोर ठेवली आहे, कारण मेडिकल सगळ्यात कडक असल्याने स्टँडबायवाल्यांची, म्हणजे जागांपेक्षा जादा बोलावलेल्यांची, आशा आणि ताण दोन्ही इथेच जास्त असतात.

सुरुवात अर्जापासून. हल्ली सगळ्या बोर्डांसाठी एकच अर्ज-पोर्टल आहे आणि एकदा उघडलेलं खातं पुढच्या जाहिरातींनाही चालतं. खातं उघडताना दिलेली माहिती मात्र नंतर बदलता येत नाही, मोबाइल आणि ई-मेलसुद्धा नाही. अर्जातल्या बाकी चुका मुदतीत २५० रुपये भरून दुरुस्त होतात. निवडलेलं बोर्ड त्यात येत नाही. म्हणून सायबर कॅफेवाल्याचा ई-मेल किंवा मित्राचा नंबर कधीही टाकू नये. भरती दोन-दोन, तीन-तीन वर्षं चालते आणि डीव्हीचं (कागदपत्र पडताळणीचं) बोलावणं त्याच नंबरावर येतं.

महाराष्ट्रातल्या मुलांची हमखास होणारी अडचण नावाची आहे. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवं. त्यामुळे जाहिरात येण्याआधीच आधार त्या क्रमाने दुरुस्त करून घेतलेलं बरं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीपासून काढून ठेवावा, डीव्हीच्या आठवड्यात तो मिळत नाही.

फीची व्यवस्था मनापासून चांगली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये, त्यातले ४०० पहिल्या सीबीटीला (संगणकावरच्या परीक्षेला) हजर राहिल्यावर परत. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पसंख्याक, माजी सैनिक, तृतीयपंथी आणि आर्थिकदृष्ट्या मागास उमेदवारांना २५० रुपये आणि बँकेचा खर्च वजा जाता सगळे परत. परतावा अडकतो तो खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकल्यामुळे. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुने कोड बदलले, पण पासबुकावर जुनाच छापलेला असतो. तो तपासून टाकावा.

बोर्ड निवडणं हा खरा निर्णय. एकूण २१ बोर्डं आहेत आणि एका जाहिरातीला एकाच बोर्डात अर्ज करता येतो. दोन ठिकाणी केला की दोन्ही बाद. ‘महाराष्ट्रात राहायचंय म्हणजे मुंबई बोर्ड’ एवढ्यावर थांबू नये. २०२४ च्या एएलपी जाहिरातीत मध्य रेल्वेच्या काही जागा बिलासपूर बोर्डाकडे होत्या आणि मुंबई बोर्डाकडे मध्य व पश्चिम रेल्वेसोबत दक्षिण मध्य रेल्वेच्याही जागा होत्या. जाहिरातीच्या शेवटी बोर्ड, झोन आणि प्रवर्गाप्रमाणे जागांचा तक्ता असतो. तो तक्ता अभ्यासक्रमाच्या आधी वाचावा. शिवाय जागा नंतर वाढू शकतात: त्याच जाहिरातीत सुरुवातीला ५,६९६ जागा होत्या, पुढे त्या १८,७९९ झाल्या.

परीक्षेबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. पहिली सीबीटी ६० मिनिटांत ७५ प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. उत्तरतालिकेवर आक्षेप घ्यायला प्रश्नामागे ५० रुपये, आक्षेप बरोबर निघाला तर पैसे परत. ही उघड पद्धत हवीच होती. वेळापत्रक मात्र बेभरवशाचं राहिलं आहे. २०१९ च्या लेव्हल-१ (जुना ग्रुप डी) भरतीचे अर्ज मार्च २०१९ मध्ये घेतले आणि परीक्षा सुरू झाली १७ ऑगस्ट २०२२ ला. एएलपीची दुसरी सीबीटी मार्च २०२५ मध्ये तांत्रिक कारणाने मध्येच थांबली आणि मे महिन्यात पूर्ण झाली. २०२४ पासून दरवर्षीचं भरती कॅलेंडर आलं, जानेवारी ते मार्च एएलपी, मग टेक्निशियन, मग एनटीपीसी (स्टेशन मास्तर, क्लार्क अशी बिगर-तांत्रिक पदं) व जेई (ज्युनियर इंजिनियर), वर्षाखेर लेव्हल-१. ही मोठी सुधारणा आहे, कारण वय निघून जाण्याची धास्ती त्यामुळे कमी होते.

सीबीएटीकडे, म्हणजे एएलपीच्या संगणकावरच्या अभियोग्यता चाचणीकडे, मुलं कमी लक्ष देतात. पाच चाचण्या असतात: स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग. प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर (बाकी उमेदवारांच्या तुलनेत काढलेला गुणांक) लागतो. चारमध्ये उत्तम आणि एकात ४१ असेल तरी उमेदवार बाहेर. इथे निगेटिव्ह मार्किंग नाही, भाषा फक्त हिंदी आणि इंग्रजी. गुणवत्ता यादीत दुसऱ्या सीबीटीच्या अ भागाला ७० टक्के आणि सीबीएटीला ३० टक्के वजन आहे. परीक्षेच्या दिवशी जाहिरातीतल्या नमुन्यातलंच डोळ्यांचं प्रमाणपत्र मूळ प्रत म्हणून लागतं. ते नसेल तर आत सोडत नाहीत.

आता डीव्ही. जागा जितक्या, तितके उमेदवार गुणवत्तेने बोलावले जातात आणि त्यांच्यासोबत काही जादा. हेच स्टँडबाय. नियमाची भाषा स्पष्ट आहे: मुख्य यादीतून पॅनेल भरलं नाही किंवा निवडलेले उमेदवार रुजू झाले नाहीत, तरच जादा उमेदवारांचा विचार होतो. डीव्हीला बोलावलं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही, हे पत्रात लिहिलेलं असतं आणि गावात पेढे वाटून झाल्यावर वाचलं जातं.

सेवेतला पहिला मोठा दोष इथे आहे. याद्यांमध्ये रोल नंबर चढत्या क्रमाने लावलेले असतात, गुणवत्तेच्या क्रमाने नव्हे. आपण मुख्य यादीत की जादात, आणि जादात कितवे, हे त्यातून कळत नाही. अंदाज बांधायचा असेल तर एकच खात्रीची वाट आहे: स्कोअरकार्डवरचे आपले गुण घ्या, पार्ट पॅनेलसोबत (टप्प्याटप्प्याने लागणाऱ्या निवड यादीसोबत) बोर्ड आपल्या प्रवर्गाचा कट-ऑफ लावतं तो घ्या, आणि फरक बघा. एकूण किती जागा रिकाम्या राहिल्या यावर जाऊ नका. ओबीसीची रिकामी जागा ओबीसी यादीतूनच भरते, एका बोर्डाची जागा दुसऱ्या बोर्डाच्या स्टँडबायला मिळत नाही. ‘अजून दोनशे जागा बाकी आहेत’ अशा मेसेजमधला आकडा खरा असला तरी तुमच्या प्रवर्गात त्यातल्या दोनच असू शकतात.

डीव्हीत लोक बाद होतात ते दाखल्यांमुळे. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. विमुक्त, भटके आणि विशेष मागास हे प्रवर्ग केंद्रात वेगळे नाहीत. केंद्रीय यादीत ज्या नावाने आणि ज्या गटात जात आहे, तिथूनच अर्ज करायचा. एसईबीसीचं (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचं) आरक्षण राज्यापुरतं आहे, त्यामुळे मराठा उमेदवार अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून) भरतात. त्यासाठीही केंद्राच्या नमुन्यातला दाखला, आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत. सेतू केंद्रात ‘ईडब्ल्यूएस द्या’ म्हटलं की राज्याचा नमुना मिळण्याची शक्यता असते. जाहिरातीतल्या नमुन्याची प्रिंट सोबत न्यावी आणि तहसील कार्यालयात ‘केंद्र शासनासाठी’ असं स्पष्ट सांगावं. आणखी एक बारीक गोष्ट: परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्रावर स्वतःच्या अक्षरात उतारा लिहून घेतात, तो साध्या हस्ताक्षरात लिहायचा. कॅपिटल अक्षरांतला उतारा आणि कॅपिटलमधली सही दोन्ही अमान्य, कारण डीव्हीत त्यावरूनच तोतया ओळखला जातो.

स्टँडबायची जागा सर्वात जास्त उघडते ती मेडिकलमुळे. एएलपीला ए-१ श्रेणी लागते: दोन्ही डोळे ६/६, चष्म्याशिवाय, फॉगिंग टेस्टसह (भिंग लावून लपलेला प्लस नंबर शोधणारी चाचणी), शिवाय रंग, रात्रीची दृष्टी, दृष्टीचा पसारा आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ. लेसिक केलेलं चालत नाही. स्टेशन मास्तरच्या ए-२ ला ६/९, तेही चष्म्याशिवाय. लेखी परीक्षेत वरच्या क्रमांकावर असलेली मुलं इथे अनफिट होतात आणि त्यांना बदली म्हणून दुसरं पद मिळत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधीच नेत्रतज्ज्ञाकडे फॉगिंग टेस्ट आणि इशिहारा (रंग ओळखण्याची चाचणी) करून घ्यावी. खर्च किरकोळ आहे, वाचतात ती दोन वर्षं. अनफिट ठरल्यास एक महिन्याच्या आत अपील करता येतं. त्याला बाहेरच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि रेल्वेच्या डॉक्टरांनी अनफिट ठरवल्याचं माहीत असूनही आपण हे मत देतो, असा उल्लेख त्यात हवा. तो उल्लेख नसल्यामुळे अपील फेटाळलं जातं. अशी अपिलं निकाली निघेपर्यंत स्टँडबायचं चाक तिथेच अडकू शकतं.

पॅनेल लागलं की बोर्ड फाइल झोनच्या मुख्यालयातल्या कार्मिक विभागाकडे पाठवतं. मध्य रेल्वेचं सीएसएमटीला, पश्चिम रेल्वेचं चर्चगेटला. तिथून डिव्हिजन वाटप, मग डिव्हिजनच्या कार्मिक कार्यालयाचं नेमणूकपत्र, मग ट्रेनिंग. भुसावळसारख्या झोनल ट्रेनिंग संस्थेत जागा असतील तशी बॅच निघते, त्यामुळे पॅनेलमध्ये नाव येऊनही महिने जाऊ शकतात. या टप्प्यावर बोर्डाला फोन करून काहीच हाती लागत नाही, कारण फाइल त्यांच्याकडे नसते. कोण रुजू झालं नाही हे डिव्हिजनला आधी कळतं, डिव्हिजन मुख्यालयाला कळवतं, मुख्यालय बोर्डाकडे बदली उमेदवार मागतं, आणि मग बोर्ड स्टँडबायमधून नाव काढतं. चार पायऱ्या, आणि एकीवरही उमेदवाराला दिसेल अशी नोंद नाही. पोर्टलवर ‘मागणी आली, नाव पाठवलं’ अशी एक ओळ दाखवणं अवघड नाही. ती नसल्याने हजारो घरं अंदाजावर जगतात, आणि हे बदललंच पाहिजे.

उशिराची किंमत नुसत्या पगारातच मोजू नये. ट्रेनिंग लागणाऱ्या पदांत सेवाज्येष्ठता ट्रेनिंगच्या शेवटच्या परीक्षेतल्या गुणांवरून ठरते आणि नंतरच्या कोर्सला गेलेला आधीच्या कोर्सच्या खाली जातो. एकाच भरतीतला बदली पॅनेलचा, म्हणजे रुजू न झालेल्यांच्या जागी नंतर घेतलेला, मुलगा लोको पायलट होतानाही मागे राहतो.

मधल्या काळात माहिती मिळवण्याचं उपयोगी साधन आरटीआय. ऑनलाइन फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पोर्टलवर मजकूर ३,००० अक्षरांपर्यंत. ‘माझं नाव कधी येणार’ असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. बोर्डाला विचारा: जाहिरात क्रमांक, पद आणि प्रवर्ग लिहून, अधिसूचित जागा किती, पॅनेल किती जणांचं, झोनकडून बदली उमेदवारांची मागणी कोणत्या तारखेला आणि किती जागांची आली, पॅनेलमधल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण किती. झोनच्या कार्मिक विभागाला वेगळा अर्ज: किती रुजू झाले, किती झाले नाहीत, मागणी पाठवली का. दुसऱ्या उमेदवारांची नावं-पत्ते मागितले तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार मिळू शकतो, म्हणून फक्त संख्या मागा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

कोर्टाचा विचार करणाऱ्यांनी एक निकाल माहीत ठेवावा. शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार या १९९१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवड यादीत नाव आल्याने नेमणुकीचा अबाधित हक्क मिळत नाही, पण सरकारला मनमानीही करता येत नाही. म्हणजे नुसतं ‘मी स्टँडबाय आहे’ एवढ्यावर कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात) काही मिळत नाही. आपल्यापेक्षा कमी गुणांचा त्याच प्रवर्गातला उमेदवार घेतला, असं कागदावर दाखवता आलं तर बाजू उभी राहते. ते कागद आरटीआयमधूनच येतात, आणि कॅटमध्ये जाण्याची मुदत साधारण एक वर्षाची आहे.

याच प्रतीक्षेत एजंटांचे फोन येतात. ‘बदली पॅनेलमध्ये नाव घालतो’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीही नसतं: नाव गुणांवर निघतं आणि पॅनेल बोर्डाच्या संकेतस्थळावर लागतं. तिथे रोल नंबर नसताना आलेलं नेमणूकपत्र खोटं समजून पोलिसांकडे न्यावं.

स्टँडबायवर असताना पुढच्या जाहिरातीला अर्ज करायला कसलीही बंदी नाही आणि तो केल्याने जुना हक्क जात नाही. एएलपीची वयोमर्यादा २०२४ मध्ये कोविडच्या सवलतीसह ३३ होती, २०२५ च्या जाहिरातीत ती पुन्हा ३० वर आली. तिशीजवळ आलेल्या उमेदवाराने पॅनेलची वाट पाहत एकही जाहिरात सोडू नये. आणि मध्येच दुसऱ्या सरकारी नोकरीत रुजू झालात तर तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र त्याच महिन्यात मागून ठेवा, कारण बदली पॅनेलचं बोलावणं आल्यावर कागद आणायला मिळतो तो अवधी फारच थोडा असतो.