करेम अव्रहामची पायी सफर : नव्वद शेकेल आणि एक पत्र

गेल्या शुक्रवारी सकाळी लोदहून बसने जेरुसलेमला जाऊन मी तिथल्या करेम अव्रहाम या वस्तीची ही दोन तासांची सफर केली. विषय होता हिब्रू कवयित्री झेल्दा. 'प्रत्येक माणसाला एक नाव असतं' ही तिची कविता इस्राएलमध्ये दर होलोकॉस्ट स्मृतिदिनी वाचतात. आमोस, सफन्या, मलाखी अशा संदेष्ट्यांच्या नावांच्या गल्ल्यांतून आम्ही फिरलो. तिने दुसरीत ज्याला शिकवलं, तो पुढे लेखक झालेला आमोस ओझही याच वस्तीतला.

पैसे वसूल झाले ते एका जिन्यात बसून ऐकलेल्या वीस मिनिटांत. लुबाविच या ज्यू पंथाचे प्रमुख रब्बी (धर्मगुरू) मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांनी झेल्दाला ब्रुकलिनहून लिहिलेलं पत्र गाइडबाईंनी वाचून दाखवलं. हिब्रूत त्यांच्या नात्याला 'बत दोद' म्हणतात. काकाची मुलगी की मामाची, त्यातून कळत नाही. माझ्या मनात लगेच आलं, ही तर चुलत बहीण! दोघांचे वडील सख्खे भाऊ. रब्बींच्या वडिलांना 1939 मध्ये अटक झाली आणि 1944 मध्ये ते कझाकस्तानात हद्दपारीतच वारले. रब्बी स्वतः इस्राएलला कधीच आले नाहीत. दोघांनाही मूलबाळ नव्हतं. मग घराण्याचा धागा राहिला तो कागदावरच.

पत्राच्या वर 'ब-ही', म्हणजे 'देव धन्य असो' याची आद्याक्षरं, मग हिब्रू तारीख, मग 'शालोम उव्राखा', म्हणजे शांती आणि आशीर्वाद. माझी आजी रेवदंड्याहून आईला लिहायची, 'चि. सौ. हीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.' तीही आधी आशीर्वाद द्यायची आणि नंतर भाताचं, पावसाचं लिहायची. गाइडबाई त्या पहिल्या ओळीवर थांबल्या, घाई केली नाही. हजारो लोकांना आशीर्वाद देणारा माणूस इथे काकाच्या मुलीशी बोलतोय, हे त्यांच्या वाचण्यातून कळत होतं. मला रडू आलं.

तक्रार एकच. झेरॉक्स इतकी फिकी होती की मागच्या चौघांना अक्षर दिसेना. झेल्दाचा पहिला संग्रह 1967 मध्ये, तिच्या पन्नाशीनंतर आला, हेही शेवटी चालता चालता उरकलं. त्यावर थांबायला हवं होतं.

वस्ती धार्मिक आहे, बाह्या लांब घाला. आणि पत्राची प्रत सुरुवातीलाच मागून घ्या.