घरच्या बटाटा वेफर्ससाठी तेल: सोलापुरात मिळणाऱ्या तेलांचा कढईतील कस

सोलापूरच्या घरात करडईच्या तेलाला नावे ठेवणे जड जाते. रब्बीच्या ज्वारीभोवती काटेरी करडई पेरून गुरांपासून पीक राखण्याची या भागातील जुनी रीत आहे, आणि त्याच करडईचे तेल शेंगाच्या चटणीवर ओतून भाकरीशी खाण्यात आमचे बालपण गेले. त्यामुळे मार्चअखेर घरी बटाट्याचे वेफर्स करायचे ठरले तेव्हा मी दुसरा विचार न करता शहरातील एका लाकडी घाण्यावरून करडईचेच तेल आणले. तेल ताजे होते, वास सुरेख होता, आणि वेफर्स बिघडले.

दोष तेलाच्या शुद्धतेचा नव्हता. न गाळलेले, न शुद्ध केलेले करडई तेल साधारण 107 अंश सेल्सिअसलाच धूर सोडू लागते आणि वेफर्सला 170 ते 180 अंशांची आच लागते. धूर दिसताच मी आच कमी केली, तसे काप कढईत नुसते पोहत राहिले आणि मऊ, तेलकट होऊन बाहेर आले. बटाट्यात जवळपास 80 टक्के पाणी असते. ते वाफ होऊन जोराने बाहेर पडत असते, तोवर तेलाला कापात फारसा शिरकाव मिळत नाही. तेल थंड असले की हा जोर ओसरतो, काप कढईत जास्त वेळ राहतात आणि मग कुरकुरीतपणा कितीही वाट पाहिली तरी येत नाही.

त्यानंतरच्या चार रविवारी मी रिफाइंड करडई, शेंगदाणा, सरकी आणि पामोलिन ही तेले एकेक करून वापरली, आणि थोडे साजूक तूपही. बटाटे प्रत्येक वेळी एकाच दुकानातील, काप एकाच किसणीचे, तीन पाण्यांत धुऊन पंचावर कोरडे केलेले. तेलात तापमापक बुडवून 175 अंशांवरच घाणा सोडला. तयार वेफर्स स्टीलच्या डब्यांत घालून ओट्याजवळच्या मांडणीवर ठेवले, कारण एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या या गावात वेफर्स टिकणे हाच खरा प्रश्न असतो.

रिफाइंड करडईने पहिल्या दिवशी मला खोटे पाडले. रंग फिका, चव स्वच्छ, धुराचा मागमूस नाही, कारण शुद्ध केलेल्या या तेलाचा धूर बिंदू 250 अंशांच्याही पुढे आहे. मात्र आठवडा उलटताच डबा उघडल्यावर खवट वासाची पहिली चाहूल लागली आणि दहाव्या दिवशी ते वेफर्स कोणी हाती धरीना. नेहमीच्या करडई तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्ल या मेदाम्लाचा असतो. हे आम्ल हवेतील प्राणवायूशी ओलिक आम्ल या दुसऱ्या मेदाम्लापेक्षा कित्येक पटींनी लवकर संयोग पावते, आणि वेफर्सच्या पातळ, पसरट पृष्ठभागावर तेलाला हवा भरपूर मिळते. म्हणजे ज्या गुणामुळे हे तेल पथ्याचे म्हणून नावाजले गेले, तोच गुण येथे आड आला. फोडणीला, चटणीला आणि भाकरीला माझ्या घरी करडईच राहील, पण कढईत मी ते पुन्हा ओतणार नाही.

शेंगदाणा तेलाविषयी मात्र मला मनापासून चांगले लिहायचे आहे. त्यात साधारण निम्मा भाग ओलिक आम्लाचा असतो, त्यामुळे ते तापलेले असतानाही आणि डब्यातही जास्त तग धरते. दोन प्रकार वापरले: घाण्यावरचे गाळलेले आणि रिफाइंड. गाळलेल्या तेलातील वेफर्सना भाजलेल्या दाण्याचा जो दरवळ आला, तो बाकी कशातच नव्हता. परंतु 175 अंशांजवळ तेही धूर दाखवू लागले, आणि तिसऱ्या घाण्यापर्यंत त्याचा रंग तपकिरी झाला. लगेच संपणाऱ्या वेफर्सना ते चालेल, साठवणीच्या नव्हे. रिफाइंड शेंगदाणा तेल सुमारे 230 अंशांपर्यंत शांत राहते. त्यातील वेफर्स तीन आठवड्यांनंतरही खाण्याजोगे होते आणि शेवटचा घाणाही पहिल्याइतकाच सोनेरी उतरला. शिवाय आमच्याकडे उपवासाला करडई, सरकी चालत नाही, शेंगदाणा तेल चालते. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले वेफर्स पुढे चातुर्मासात तळायचे असतील, तर हा मुद्दा किरकोळ नाही.

सरकीने मला चकित केले. मधल्या मारुतीजवळच्या किराणा दुकानदाराने ‘फरसाणवाले हेच नेतात’ म्हणून डबा पुढे केला, तेव्हा मी साशंक होतो. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते आणि शुद्धीकरणात ते काढले जाते, म्हणून हे तेल रिफाइंडच घ्यावे. चवीला ते अगदी तटस्थ निघाले, बटाटा बटाट्यासारखा लागला, आणि कुरकुरीतपणात शेंगदाण्याच्या बरोबरीला उभे राहिले. टिकण्यात थोडे कमी पडले, इतकेच. पामोलिन टिकते भरपूर, पण त्यातील सुमारे 40 टक्के मेद संपृक्त असतो आणि वेफर्सना चव म्हणावी अशी काही येत नाही.

साजूक तूप 250 अंशांच्या आसपासपर्यंत धूर सोडत नाही, हे अनेकांना माहीत नसते. मात्र त्यात बेरीचा कण राहिला तर तो जळून काळे ठिपके धरतात. उपवासाच्या मूठभर कापांना ते अमृत आहे, आणि मूठभरापलीकडे खिशाला परवडत नाही.

तेल कोणतेही असो, दोन चुका ते लवकर संपवतात आणि मी दोन्ही केल्या आहेत. पहिली, मिठाचे पाणी थेट कढईत शिंपडणे: पाण्याने तेलाचे विघटन वाढते, म्हणून मीठ वेफर्स निथळल्यावर, गरम असतानाच भुरभुरावे. दुसरी, उरलेले तेल पितळी भांड्यात ठेवणे: तांब्याचा अंश तेल खवट होण्यास चालना देतो. मी आता ते फडक्यातून गाळून स्टीलच्या बरणीत अंधारात ठेवतो आणि आठवडाभरात फोडणीला संपवतो. व्यावसायिकांसाठी तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटकांची, म्हणजे तेल तापून विघटन झाल्याने वाढणाऱ्या द्रव्यांची, 25 टक्क्यांची मर्यादा 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरी ती मोजता येत नाही. तेल दाटसर झाले, फेस बसेनासा झाला की ते टाकून द्यावे.

काप झाऱ्याने काढताक्षणी कढईवरच झटकावेत, कारण तेल आत शोषले जाते ते मुख्यतः वेफर थंड होताना, आतील वाफ निवून पृष्ठभागावरचे तेल ओढून घेते तेव्हा. या एका सवयीने माझ्या रिफाइंड शेंगदाणा तेलाच्या वेफर्सचा तेलकटपणा स्पष्ट जाणवण्याइतका कमी झाला, आणि यंदाच्या साठवणीसाठी मी त्याच तेलाचा पाच लिटरचा डबा आणला आहे.